तळावलीची सांत आना : खेड्यातली अवाढव्य इगर्जी

गोव्याला जाणारा मराठी पर्यटक ओल्ड गोव्यात बॉम जीझस आणि से कॅथेड्रल बघतो, फोटो काढतो आणि मंगेशीच्या रस्त्याला लागतो. तिथून दक्षिणेला, पिलार आणि गोवा-वेल्हाच्या परिसरात, तळावली नावाचं खेडं आहे. त्या बाजूला गाडी सहसा वळत नाही. वळली तर भाताच्या खाचरांपलीकडे माडांच्या वर उठलेला पांढरा डोंगरच दिसतो. पाच मजली दर्शनी भाग, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे आणि मधोमध वळणदार शिखर. हे सांत आनाचं, म्हणजे येशूच्या आजीचं, मेरीच्या आईचं चर्च. गावाचा आकार आणि चर्चचा आकार यांचा मेळ काही केल्या बसत नाही.

इतकी मोठी इमारत एवढ्याशा गावात आली कशी, हे समजून घ्यायचं तर सोळाव्या शतकात जावं लागतं. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा बेट घेतलं. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली, म्हणजे या बेटाच्या परिसरातली, देवळं पाडली गेली आणि १५४१ पासून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आलं. अनेक दैवतं भक्तांसह खाडीपार गेली. चोडणचा देवकीकृष्ण आज माशेलला आहे, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मागे राहिलेल्या, धर्म बदललेल्या गावांत गावकरी ही जुनी व्यवस्था मात्र टिकून राहिली. सामायिक जमीन, बांधबंदिस्ती, उत्पन्नाची वाटणी हे सारं पूर्वीसारखंच चालू होतं. गावाचा जो हिस्सा आधी देवळासाठी निघे, तो आता इगर्जीसाठी, म्हणजे चर्चसाठी, निघू लागला. गोव्यातल्या खेड्यापाड्यांत एवढी भव्य चर्चेस दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तळावलीत याआधीही चर्च होतं. आज उभी असलेली इमारत फ्रान्सिश्कु दु रेगु या धर्मगुरूंनी १६८१ मध्ये सुरू केली आणि आंतोनियु फ्रान्सिश्कु दा कुन्या यांनी १६९५ मध्ये पुरी केली. या चौदा वर्षांत काय काय घडत होतं, ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीच्या, म्हणजे आजच्या ओल्ड गोव्याच्या, तोंडावरचं जुवें बेट घेतलं. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर इतका हवालदिल झाला, की त्याने आपला अधिकारदंड बॉम जीझसमध्ये फ्रान्सिस झेवियरच्या शवाशी नेऊन ठेवला. साष्टी आणि बारदेशातही मराठे उतरले. पुढे मोगल शहजादा शाहआलम चालून आल्यामुळे १६८४ च्या आरंभी त्यांना माघारी फिरावं लागलं. राज्य असं डळमळत असताना तळावलीत चिऱ्यांवर चिरे चढतच होते.

त्याच दशकात गोमंतकीय धर्मगुरू स्वतःच्या पायावर उभे राहू लागले होते. १६८५ मध्ये जुझे वाझ यांनी ओल्ड गोव्यातल्या स्थानिक धर्मगुरूंच्या संघाला रीतसर रूप दिलं. पुढे ते श्रीलंकेत गेले आणि २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. युरोपीय मठवासीयांच्या छायेतून बाहेर पडणाऱ्या या पिढीचा आत्मविश्वास इमारतींतही उतरला. पाउलु व्हारेला गोमिश या पोर्तुगीज वास्तू-इतिहासकाराने २०११ च्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच मांडलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची गोव्यातली चर्चेस ही पोर्तुगालची खेडवळ नक्कल नसून त्यांना स्वतःचं व्याकरण आहे, असं त्याचं म्हणणं. गोमंतकीय विद्वान जुझे परेरा यांनी तर ‘भारतीय बरोक’ ही वेगळी शैलीच मानली. दोघांच्याही प्रतिपादनाला तळावलीएवढा भक्कम पुरावा दुसरा सापडणं कठीण.

हे व्याकरण समजतं ते दगडापासून. गोव्याचा चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर टाकला की कठीण होणारा, पण अंगाने सच्छिद्र. त्यावर बारीक नक्षी उमटत नाही. बॉम जीझसच्या दर्शनी भागाला त्यासाठी थेट बसईहून काळा दगड आणला गेला. तळावलीच्या कारागिरांनी जांभ्यावर चुन्याचा गिलावा चढवला आणि सगळी कलाकुसर त्या गिलाव्यात केली. भिंतीला चिकटलेल्या खांबांच्या ओळी, मजल्यामजल्यावरच्या ठसठशीत कंगण्या, शिंपल्याच्या आकाराचं छत असलेले कोनाडे. तिरप्या उन्हात या कंगण्यांच्या सावल्या पडल्या, की पाचही मजले वेगवेगळे मोजता येतात.

आतला आराखडा क्रुसाच्या आकाराचा. वर अर्धगोल कमानीचं लांबलचक छत आणि सर्वांत पुढे सोनेरी मुलाम्याची मुख्य वेदी. पण खरी गंमत भिंतींत आहे. त्या इतक्या जाड आहेत, की त्यांच्या पोटातून माणसाला चालत जाता येईल अशा वाटा सोडल्या आहेत. पापनिवेदनाच्या जागा या भिंतींतच बसवलेल्या. येणारा कोण, हे सभामंडपातल्या लोकांना कळू नये, अशी सोय. छताचा भार पेलायला जाड भिंत हवीच होती. बांधणाऱ्यांनी तिच्यातली जागाही वाया घालवली नाही.

चर्च आणि देऊळ यांच्यातली देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही. शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास उभं राहिलेलं कवळ्याचं शांतादुर्गा मंदिर पाहावं. अर्धगोल कमानींच्या खिडक्या, भिंतीतले खांब, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट. चर्चच्या वास्तूतले कितीतरी घटक तिथे देवीच्या सेवेला रुजू झालेले दिसतात.

भक्तीच्या बाबतीतही सीमारेषा पुसट आहेत. जुलैच्या अखेरच्या रविवारी तळावलीत तवशाचं, म्हणजे काकडीचं, फेस्त भरतं. पावसाळी काकडीचा तो हंगामच असतो. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला तवसं वाहतात, लग्नाळू मुलगे चमचा आणतात. उतारवयात जिची कूस उजवली, अशी ही संत. त्यामुळे नवसाला हिंदूही येतात आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

आता राजधानीचं काय झालं ते पाहू. साथींनी ओल्ड गोवा ओस पडलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला. १८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद झाले. सेंट ऑगस्टीनचं प्रचंड चर्च बेवारस झालं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मूळ ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा सांगाडा तेवढा उरला. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. मुंबईतही असंच एक उदाहरण आहे. अंधेरीजवळच्या कोंदिवट्यात जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च १८४० मध्ये साथीमुळे गावाने सोडलं. लोक मरोळला गेले. आज ते भग्नावशेष सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात उभे आहेत.

तळावलीचं चर्च मठाच्या मालकीचं नव्हतं. ते गावाचं होतं, म्हणून मठ बंद झाल्यावरही तिथला दिवा विझला नाही. मात्र हीच गोष्ट त्याच्या मुळावरही आली. एवढ्या विस्ताराला दर पावसाळ्यानंतर चुना लावणं छोट्या गावाच्या ऐपतीत बसणं अवघड. गळकं छत, पोपडे धरलेल्या भिंती, वाळवीने पोखरलेलं लाकूड, हे या वास्तूचं जुनं दुखणं. त्यात सिमेंटचा मोह वाईट. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि जांभा आतून कुजत जातो. गोव्यातल्याच नव्हे, कोकणातल्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीतही ही चूक सर्रास होते. शासनाने पैसा द्यावा, पण चुन्याचं काम जाणणारा गवंडी हाताशी असल्याशिवाय थापीला हात लावू देऊ नये.

पुढच्या गोवा फेरीत अर्धा दिवस तळावलीसाठी राखून ठेवा. सकाळी लवकर जा, प्रार्थनेची वेळ टाळा आणि आत फोटो काढण्याआधी विचारा. गर्दी आणि फेस्त पाहायचं असेल, तर जुलैचा शेवटचा रविवार गाठा; छत्री मात्र विसरू नका.