जीव वाचला, जगण्याचे काय?

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी परीक्षा मात्र तेथूनच सुरू होते. मेंदूचा डावा भाग दुखावला, तर उजवे अंग लुळे पडते, पुष्कळदा वाचा जाते. समज मात्र अनेकदा शाबूत असते. अशा माणसाच्या उशाशी बसून त्याच्याविषयी परस्पर बोलणे हा क्रूरपणा होय. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य ग्रासते, ते काय उगाच?

पहिल्या काही महिन्यांत नेमाने व्यायामोपचार झाले, तर गेलेली शक्ती बऱ्याच अंशी परतू शकते. पण त्यासाठी सत्तरी-काणकोणच्या रुग्णाने बसने बांबोळी गाठावी काय? सरकारने उपचारतज्ज्ञच त्याच्या उंबरठ्यापर्यंत पाठविला पाहिजे. घरच्यांनीही त्याला खोलीतून पुन्हा सोप्यावर, माणसांत आणावे. वैद्यांनी जीव वाचविला. जगणे सावरणे आपल्या हाती आहे.