तांबं का मठारतात?

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडी दिसण्याआधी ठोके ऐकू येतात. त्वष्टा कासार समाजाचे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या बंब, घंगाळी, हंडे घडवत आले. घडवताना पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की भट्टीत लाल करायचा, म्हणजे पुन्हा मऊ होतो. आकार पुरा झाला की शेवटी सगळ्या अंगावर एकसारखे ठोके द्यायचे, हे मठारणं. गिऱ्हाइकाला त्यातली नक्षी दिसते, कारागिराला हवा असतो कडकपणा. माराने कडक आणि शेकाने मऊ, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. यामागचं कारण विज्ञानाच्या हाती लागायला मात्र १९३४ साल उजाडलं.

त्यासाठी आधी तांब्याच्या आत डोकावू. तांब्याचा प्रत्येक अणू साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. हे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात हिंडतात आणि सगळ्यांना बांधून ठेवतात. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि तीनच वर्षांत पॉल ड्रूडने याच चित्रावरून धातूतून वीज कशी वाहते ते मांडलं. उष्णताही मुख्यतः हेच इलेक्ट्रॉन नेतात, म्हणून तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस पटींहून जास्त उष्णतावाहक आहे.

मिठाच्या खड्यावर हातोडी मारली तर तो फुटतो. तिथे अणूंचा थर जरा सरकला की सारखे विद्युतभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात. तांब्यात थर सरकले तरी इलेक्ट्रॉनांची पकड सुटत नाही. शाळेचा धडा इथेच संपतो, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

अणूंचा अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, हे याकोव फ्रेंकेलने १९२६ मध्ये काढलं. शुद्ध, मऊ स्फटिकाला प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारो पट जोर निघाला! म्हणजे धातू इतका मजबूत का, यापेक्षा इतका लेचापेचा का, हाच प्रश्न होता. टेलर, ओरोवन आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे उत्तर दिलं. स्फटिकात अणूंच्या काही ओळी मध्येच संपलेल्या असतात. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिची सुरकुती पुढे रेटावी, तसा हा दोष थोड्या जोरानेही सरकत जातो आणि धातू वाकतो.

ठोक्यांनी हे दोष हजारो पटींनी वाढतात, एकमेकांत गुंततात आणि अडतात. दोष हलेना की पत्रा वाकेना. भट्टीत अणूंना हालचालीला वाव मिळतो, नवे, जवळजवळ निर्दोष स्फटिक तयार होतात आणि गुंता सुटतो. पितळेत हेच अडवण्याचं काम जस्ताचे अणू करतात. पण ते इलेक्ट्रॉनांच्याही वाटेत येतात, म्हणून विजेच्या तारेला पितळ नाही, शुद्ध तांबं वापरतात.

घरात मठारलेलं, कल्हई केलेलं पातेलं असेल तर ते रिकामं गॅसवर ठेवू नका. कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि भांडं त्याहून तापत गेलं तर कारागिराने आणलेला कडकपणाही जातो.