अन्नजन्य आंत्रप्रतिक्रिया आणि बालकांचा सुरक्षित आहार : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक :
सहा महिने पूर्ण झाल्यावर बालकास आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते. नाशिक जिल्ह्यात या अन्नाचे स्वरूप तालुक्यागणिक बदलते. इगतपुरीत भात, पेठ-सुरगाण्यात नाचणी व वरई, तर येवला-सिन्नरच्या अवर्षणप्रवण भागात बाजरी हे आहाराचे प्रमुख घटक आहेत. यांपैकी भाताची पेज सर्वांत हलकी समजली जाते. परंतु पचनास हलके अन्न प्रत्येक बालकास सुरक्षित असतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अन्नप्रथिनजन्य आंत्रदाहाच्या संदर्भात विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप :
या विकारात विशिष्ट अन्न खाल्ल्यानंतर साधारणतः १ ते ४ तासांत वारंवार उलट्या होतात. मूल फिकट व निस्तेज पडते. काहींना पुढे जुलाबही होतात. अंगावर गांधी उठणे, धाप लागणे ही नेहमीच्या अॅलर्जीची लक्षणे सहसा आढळत नाहीत. ही प्रतिक्रिया आयजीई प्रतिपिंडांमुळे होत नसल्याने त्वचेच्या व रक्ताच्या अॅलर्जी चाचण्याही बहुधा निर्दोष येतात. परिणामी जंतुसंसर्ग समजून उपचार होतात आणि तेच अन्न पुन्हा दिले जाते. गाईचे दूध, सोयाबीन, तांदूळ, ओट, अंडे व मासे ही याची प्रमुख कारणे होत.

सुरक्षित अन्नाचा शोध :
२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत भोपळा, फुलकोबी व भरड धान्ये कमी जोखमीची, तर तांदूळ, केळे व रताळे तुलनेने अधिक जोखमीची मानली आहेत. अशा बालकास एका वेळी एकच नवा पदार्थ अल्प प्रमाणात द्यावा व किमान ४ दिवस निरीक्षण करून मगच दुसरा द्यावा. अनेक धान्यांचे एकत्र सत्त्व आरंभीच दिल्यास नेमके कोणते धान्य बाधले हे कळत नाही. पदार्थ, वेळ व लक्षणे यांची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना निदान करणे सुकर होते. गाईचे दूध बाधत असल्यास शेळीचे दूध हा सुरक्षित पर्याय ठरत नाही. संशयित पदार्थाची पुन्हा परीक्षा घरी न करता रुग्णालयात, वैद्यकीय देखरेखीखालीच करावी. उलट्यांनंतर मूल मलूल झाल्यास त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. शिरेतून द्रव देण्याची गरज भासू शकते.

निष्कर्ष :
बाधणारे अन्न न ओळखणे जितके घातक, तितकेच भीतीपोटी सर्व अन्न वर्ज्य करणेही घातक आहे. कुपोषणाची समस्या असलेल्या आदिवासी तालुक्यांत अनावश्यक पथ्य मुलाच्या वाढीवर थेट परिणाम करते. बहुतेक मुलांत हा विकार वाढत्या वयाबरोबर नाहीसा होतो. तोपर्यंत वर्ज्य पदार्थांची यादी शक्य तितकी लहान ठेवणे आणि चालणाऱ्या पदार्थांची यादी सातत्याने वाढवणे, हेच आहारनियोजनाचे सूत्र असावे. नाचणी व बाजरीसारखी स्थानिक धान्ये या कामी विशेष उपयुक्त ठरू शकतात.