वाळू कुणाची, परवाना कुणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तिन्ही सूची चाळल्या तरी ‘समुद्रकिनारा’ हा विषय कोठेही सापडत नाही. बंदरे आहेत, दीपगृहे आहेत, मासेमारी आहे, किनारा नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांची यादी घटनेत आली, तीतही तो नाही. ज्याचा उल्लेख कोठेच नाही, त्यावर हक्क मात्र सर्वांचाच, अशी ही स्थिती आहे.

त्यातला पहिला हक्क दिल्लीचा. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा आधार घेऊन १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. या तिन्ही वेळी संसदेने कायदा केलेला नाही. देशाच्या किनाऱ्याचे भवितव्य मंत्रालयाच्या अधिसूचनेने ठरत आले आहे.

दुसरा हक्क राज्यांचा. २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील शॅकसारख्या हंगामी बांधकामांना सप्टेंबर ते मे अशी मुभा दिली. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यांवरील तात्पुरत्या पर्यटन सुविधांना देशभर वाट मोकळी केली. जून २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कोकणातील आठ किनाऱ्यांसाठी शॅक धोरण मंजूर केले. गोव्यात शॅकचे वाटप पर्यटन खाते करते, किनारा व्यवस्थापन प्राधिकरण मान्यता देते आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी प्रशासन देते. हंगाम सरल्यावर उरलेला कचरा, आटलेल्या विहिरी आणि वाहनांची कोंडी मात्र ग्रामपंचायतीच्या वाट्याला येते. ज्याच्या अंगणात मांडव, त्याचीच संमती शेवटी, असा हा उलटा क्रम आहे.

हीच विसंगती सार्वजनिक कार्यक्रमांत अधिक ठळक होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर ज्या वाळूत अंत्यसंस्कार झाले, त्या गिरगाव चौपाटीच्या वापरावर मुंबई उच्च न्यायालयाने निर्बंध घातलेले आहेत. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील कार्यक्रमासाठी राज्य सरकारनेच ती मागितली. उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १४ फेब्रुवारीला भर कार्यक्रमात व्यासपीठ पेटले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चेन्नईत उलटे घडले. जानेवारी २०१७ च्या जल्लिकट्टू आंदोलनाने मरीना किनारा भरून गेल्यानंतर सरकारने तेथे आंदोलनांना दारे बंद केली. एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने शेतकरी नेत्याला एका दिवसाच्या उपोषणाची मुभा दिली. खंडपीठाने ती रोखली. एकीकडे सरकारी सोहळ्याला वाळू मिळाली, दुसरीकडे सरकारविरोधी उपोषणाला मिळाली नाही. दोन्ही निवाड्यांची कारणे वेगळी असतील; पण दोन्हीकडे निकष न्यायालयालाच शोधावे लागले, कारण कायद्याने ते आधी आखून दिलेले नव्हते.

किनाऱ्यावर पोट असणाऱ्यांची अवस्था याहून बिकट आहे. संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा केला. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या. परंतु या कायद्यातील ‘स्थानिक प्राधिकरणा’च्या व्याख्येत महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत आणि कटक मंडळ येतात, ग्रामपंचायत येत नाही. म्हणजे जुहूच्या भेळवाल्याला कायद्याचे छत्र आहे, गावच्या किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बाईला नाही. शॅकची रांग लागली की होडी ओढायची आणि जाळी वाळवायची जागा आक्रसते, ही कोळ्यांची तक्रारही ऐकून घेणारे निश्चित व्यासपीठ नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील किनारा समितीत स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे अधिसूचना सांगते. मात्र ही समिती अंमलबजावणीसाठी आहे. परवाना कुणाला द्यावा, हे ती ठरवीत नाही.

मग सारे अधिकार ग्रामपंचायतींकडे सोपवावेत काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. स्थानिकांना मिळालेले शॅक परस्पर भाड्याने दिले गेल्याच्या तक्रारी गोव्यात वारंवार झाल्या आहेत. गावपातळीवरचे हितसंबंधही तितकेच चिवट असतात. म्हणून मर्यादा केंद्राने आखावी आणि तिच्या आत वापर गावाने ठरवावा, ही विभागणी अधिक शहाणपणाची. कोणत्या महिन्यात किती शॅक, कोणत्या दिवशी मोठा कार्यक्रम, होड्यांसाठी कोणता पट्टा कायम राखीव, याचे वार्षिक वेळापत्रक ग्रामसभेने मंजूर करावे. परवाना शुल्काचा ठरावीक वाटा त्याच पंचायतीस मिळावा. आणि शांततापूर्ण सभेला नकार देताना कारणे लेखी द्यावीत. यासाठी घटनादुरुस्ती नको, राज्यांच्या पंचायत व नगरपालिका कायद्यांत दुरुस्त्या पुरतील.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मांडताना स्पष्ट केले की समुद्रकिनाऱ्यासारख्या संपत्तीचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताने लाभार्थ्याला विचारायचे असते. दिल्ली, मुंबई आणि पणजीच्या फायलींत तो लाभार्थी अजून ‘हरकती व सूचना’ या रकान्यापुरताच उरला आहे.