मुठेचं अप्रेझल

झेड ब्रिजवर बाइक लावून गप्पा ठोकणाऱ्या प्रत्येक पुणेकराकडे पाणी तपासायचं एक इन-बिल्ट यंत्र आहे : नाक. ‘शी, काय वास येतोय!’ की झाला निकाल. पण नदी नेमकी किती घाण आहे? गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी? इथे नाक हात टेकतं.

आणि हा प्रश्न बिनकामाचा नाही, मंडळी. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या मदतीने मुळा-मुठेसाठी सुमारे ९९० कोटींची योजना ठरली. ११ नवे सांडपाणी प्रकल्प, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर शुद्ध करण्याची क्षमता. मार्च २०२२ मध्ये नदीकाठ विकसनाचं भूमिपूजन झालं. काठावर मस्त वॉकिंग ट्रॅक होईल, फोटोही झकास येतील. पण आत वाहणारं पाणी सुधारलं का, हे कोण सांगणार?

नेहमीचं उत्तर म्हणजे लॅब. बाटलीत पाणी भरायचं, २७ अंशांना तीन दिवस ठेवायचं आणि जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. हाच तो पेपरात येणारा ‘बीओडी’. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. हिशेब चोख, पण बाटली भरली त्या क्षणापुरता. कुणी रात्री दोन वाजता टँकर रिकामा केला आणि सॅम्पल सकाळी अकराला घेतलं, तर मधल्या काळात पुरावा वाहून गेलेला असतो.

‘‘अगं, बाटली म्हणजे पासपोर्ट फोटो,’’ झूलॉजी शिकवणाऱ्या एका मॅडम मला म्हणाल्या. ‘‘बँक स्टेटमेंट हवं असेल तर दगड उलटा कर.’’

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही टेमघरच्या खालच्या अंगाला, मुठा गावाजवळ प्रवाहात उतरलो. पद्धत अगदी सोपी. जाळी धरायची, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायाने ढवळायचे, अडकेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. सुरुवातीला ट्रेमध्ये नुसता कचरा दिसतो. मिनिटभराने कचरा चालायला लागतो! चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं. वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी (तेही बिनाईएमआय). चतुर आणि टाचणीची पिल्लं. पंख फुटलेली मेफ्लाय जेमतेम एखाद-दोन दिवस जगते, पण त्याआधी तिचं पिल्लू कित्येक आठवडे, महिने पाण्यातच असतं. मधल्या काळात एकदा जरी ऑक्सिजन पार संपला, तरी ते मरतं. ते ट्रेमध्ये वळवळतंय याचाच अर्थ पाणी एवढे दिवस बरं होतं.

शहरातल्या ट्रेमध्ये वेगळीच पार्टी होती. लालचुटूक कायरोनोमिड अळ्या (लाल, कारण त्यांच्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं आणि त्यावर त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात) आणि धाग्यासारखी बारीक गांडुळं. यातलं ट्युबिफेक्स तुम्ही पाहिलंही असेल, अॅक्वेरियमच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून मिळतं.

इथवर निसर्गभ्रमण झालं. आता गणित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची याची रीतसर पद्धत आहे आणि ती कुठल्याही एचआरला आवडेल अशी आहे. प्रत्येक प्राणिकुळाला १ ते १० गुण. नाजूक मेफ्लायना १०, कायरोनोमिडना २, गांडुळांना १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी काढायची. बेरीज नाही, सरासरीच. नाहीतर जास्त वेळ जाळी मारणाऱ्याची नदी उगाच जास्त स्वच्छ ठरेल.

दुसरा आकडा वैविध्याचा, आणि मला तो भलताच आवडला. कंपनीच्या बसच्या रांगेत दहा जण उभे आहेत असं समजा. शर्टाचा रंग पुढच्यापेक्षा वेगळा असेल तर नवा गट, तोच असेल तर जुनाच चालू. प्रत्येक शर्ट पुढच्याहून वेगळा असेल तर दहा गट भागिले दहा माणसं, म्हणजे १. सगळे युनिफॉर्ममध्ये असतील तर एकच गट, म्हणजे ०.१. ट्रेमधले प्राणी न निवडता एकेक उचलून अगदी असंच मोजतात. कीटकाचं लॅटिन नाव यायला हवं असंही नाही. हा पुढच्यासारखा दिसतो की नाही, एवढं कळलं की पुरे.

दोन्ही आकडे मिळून ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग ठरतात. निळा म्हणजे स्वच्छ, मग फिकट निळा, हिरवा, नारिंगी आणि शेवटी लाल. गंमत म्हणजे सरासरी ७ च्या वर असेल तर वैविध्य ०.२ असूनही नदी निळीच राहते. डोंगरातल्या ओढ्यात मुळात वस्ती कमी असते, तो त्याचा दोष नाही.

खरी मेख तुलनेत आहे. पुरानंतर निम्मे प्राणी वाहून जातात. गाळात सापडणारे जीव खडकावर सापडत नाहीत. आमचे दोन ट्रे शेजारी ठेवून ‘बघा, शहराने वाट लावली’ म्हणणं सोपं आहे, पण डोंगरातली मुठा आणि डेक्कनची मुठा प्रदूषणाशिवायही सारख्या नसत्या. ब्रिटनमध्ये ‘रिव्हपॅक्स’ नावाचं मॉडेल आहे. उंची, उतार, तळाचा प्रकार वगैरे माहितीवरून स्वच्छ असती तर या जागी कोणती कुळं दिसली असती, ते मॉडेल सांगतं. मग अपेक्षित किती आणि सापडली किती, याचं गुणोत्तर काढायचं. टार्गेट आणि अचीव्हमेंटच की!

आपल्याकडे टार्गेटची एक जुनी नोंद आहे, तीही माशांची. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्यातल्या माशांची यादी छापली. त्यातल्या काही जाती पुढच्या अभ्यासकांना शहराच्या हद्दीत सापडल्याच नाहीत. किड्यांची अशी यादी आज, एकाच जागी, दर ऋतूत केली, तर ९९० कोटींचं काय झालं ते ट्रेमध्ये दिसेल.

मॅडमचा पुढचा फेरा मेमध्ये आहे, पाणी सगळ्यात कमी असताना. यायचं असेल तर बारीक जाळी, पांढरा ट्रे आणि जुना पेंट ब्रश पुरतो. शहरातल्या पात्रासाठी गमबूट आणि रबरी ग्लोव्ह्ज मात्र मस्ट.