मोठी जुळणी, हलकी फाइल

संगणकावर हजारो सुट्या भागांची जुळणी सांभाळण्याचा प्रश्न त्रिमितीय आराखड्यांबरोबर आला. 1982 च्या ऑटोकॅडने ड्रॉइंग बोर्ड हळूहळू हटवला, पण रेषा सपाटच राहिल्या. फाइल जड झाली की काही लेयर बंद करून भागत असे. 1988 मध्ये प्रो-इंजिनिअर आले आणि भाग मापांनी एकमेकांशी बांधले गेले. एक भोक सरकले की त्यावर टेकलेले सगळे पुन्हा मोजावे लागे.

बोल्ट-रिव्हेटांसह सुमारे 30 लाख भागांचे बोइंग 777 विमान कॅटिया या सॉफ्टवेअरवर आखले गेले आणि जून 1994 मध्ये उडाले. त्यामागे मेनफ्रेम होते. 1995 चे सॉलिडवर्क्स साध्या विंडोजवर चाले. तिथे 32-बिटच्या मर्यादेमुळे एका प्रोग्रामला साधारण 2 जीबीच मेमरी मिळे. यातून 'लाइटवेट' भाग आले: पडद्यावर फक्त बाह्यरूप, बाकी तपशील मागितल्यावरच. 64-बिट आल्यावर ती भिंत पडली, पण जुळण्याही लगेच फुगल्या. सॉलिडवर्क्सच्या 2009 च्या आवृत्तीतील स्पीडपॅकने निवडक पृष्ठभागच ठेवले, 2012 च्या लार्ज डिझाइन रिव्ह्यूने नुसते पाहण्या-मोजण्याची सोय केली. या सॉफ्टवेअर-उद्योगाचे बरेच काम महाराष्ट्रातही आले. कॅटिया बनवणारी दासो आणि जिओमेट्रिक यांची 3डीपीएलएम ही कंपनी 2002 मध्ये सुरू झाली, तिचे बरेच काम पुण्यात चाले.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांसारखे यंत्र घेतले, तर फाइलवरचा भार कुठून येतो ते दिसते. टॉवरच्या प्रत्येक फ्लँजला बोल्टांचे कडे असते. बोल्टाचे आटे खरेखुरे कोरले, तर जागा न बदलणाऱ्या भागासाठी संगणक वळणावळणाचे पृष्ठभाग मोजत बसतो. आटे काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. गिअरबॉक्स बाहेरून आला तर पुरवठादाराच्या मॉडेलमध्ये आतले दातही असतात. नॅसेल, म्हणजे टॉवरवरची यंत्रपेटी, आखणाऱ्याला मात्र लागतात शाफ्ट, बसवण्याची भोके आणि बाहेरचे कवच. धुळे-जळगावच्या ड्राफ्ट्समन-वर्गांत प्लमर ब्लॉक, स्क्रू जॅक जोडून शिकलेल्याला ही काटछाट सुरुवातीला आळशीपणा वाटू शकते. ती खरे तर कामाचाच भाग आहे.

सगळ्यांनी एकाच पद्धतीने मॉडेल सांभाळण्याची शिस्त सुटली की काय होते, ते 2006 मध्ये एअरबस ए380 ने दाखवले. हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथे कॅटियाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या गेल्या. विमानात सुमारे 530 किलोमीटर तारा, आणि त्यांची जुडगी ठरल्या जागी बसेनात. विमाने ग्राहकांना उशिरा मिळाली.

ग्राफिक्स कार्डांमुळे आता जुळणी फिरवून पाहणे सोपे झाले आहे. भागांमधल्या मेटची, म्हणजे त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अटींची, गणिते मात्र बरीचशी एकामागून एक सुटतात, प्रोसेसरचे कोअर वाढवून तिथे फारसा फरक पडत नाही. म्हणून जाणता ड्राफ्ट्समन भाग एकमेकांना न जोडता एका सांगाडा-आराखड्याला जोडतो आणि वरच्या पातळीवर मोजकीच मेट ठेवतो.