सालेकसा : धानाची बांधी आणि पेठेची वाट

इंग्लंडातील एखाद्या जुन्या बाजारगावाच्या कृषिव्यापाराचा इतिहास लिहू म्हटले, तर राजाने दिलेली बाजाराची सनद, चौकातला बाजारस्तंभ, एकोणिसाव्या शतकातली धान्यव्यापाऱ्यांची भव्य दालने अशी साधने लेखकापुढे आयतीच उभी असतात. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, जिथे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमा जवळ येतात, त्या सालेकसा परिसराचा आढावा घेणाऱ्याला मात्र इमारतींचा नाद सोडून तलावाच्या पाळीवर, बांधीच्या धुऱ्यावर आणि रेल्वेच्या फलाटावर जावे लागते.

पाळीपासूनच आरंभ करणे उचित. या झाडीपट्टीत पाऊस विपुल, परंतु तो चार महिन्यांत येऊन जाणारा. म्हणून उतारावरचे पाणी अडवून खालच्या बांध्यांना पुरविण्याची विद्या येथे पूर्वापार जोपासली गेली, आणि तिच्यातील कोहळी समाजाचे कौशल्य नवेगावबांधच्या विस्तीर्ण जलाशयाकडे पाहिले की आजही प्रत्ययास येते. इंग्रजी अमदानीतील जमाबंदीने मालगुजाराला गावाचा मालक ठरविले खरे, तथापि पाणी कोणी कसे घ्यावे, सरपण व चराई यांचा निस्तार कोठे करावा, हे रयतेचे वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नमूद होत असत. 1951 साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या लांबलचक बिरुदाचे कचेरीत ‘मामा तलाव’ झाले. ज्याच्या पाळीची डागडुजी पूर्वी गावाच्या अंगावर असे, त्या तलावाचा गाळ काढण्यासाठी आता अर्ज करावा लागतो. यात मालगुजाराचा गौरव नाही, पण गावाची हानी आहे.

धानाचे वर्ष पऱ्ह्यांपासून सुरू होते. मृगाच्या पावसात टाकलेले पऱ्हे उपटायचे, बांधीत चिखलणी करायची, आणि पिंढरीभर पाण्यात ओळीने वाकलेल्या बायांनी पाठ सरळ न करता मागे मागे सरत रोवणी उरकायची. कापलेले धान कडपा म्हणून बांधीतच वाळत पडते, मग भारे बांधून पुंजणे रचतात; दिवाळीच्या आसपास अवकाळी पावसाने गाठले म्हणजे याच कडपांना कोंब फुटतात आणि वर्षाचा हिशेब चुकतो. उभ्या धानातच ओलीवर फेकलेली लाखोळी हे त्यावरचे गरिबाचे जामीनपत्र. तिच्या विक्रीवर 1961 साली बंदी आली, तरी पूर्व विदर्भातल्या बांध्यांतून ती हटली नाही. वाणांमध्ये सुवासिक चिन्नोरची थोरवी जुनी. आता मात्र बहुतेक बांध्यांवर भरघोस उताऱ्याच्या वाणांचे राज्य आहे.

व्यापाराचे भाग्य ठरविले ते रेल्वेने. 1880 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद मार्ग राजनांदगावला पोहोचला. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि 1891 मध्ये नागपूर थेट आसनसोलला जोडले गेले. दरेकशाच्या डोंगरातून बोगदा निघाला, सालेकशाला स्थानक मिळाले. परंतु जंक्शन झाले गोंदिया, आणि भाताच्या गिरण्या व विड्यांचे कारखाने तेथेच वाढले. धान इथले, कोंडा तिथला! माझ्या मते या तालुक्याच्या पेठेची खुंटलेली वाढ या एका गोष्टीत सामावलेली आहे.

आजची मुख्य खरेदी आधारभूत केंद्रांवर होते. आदिवासी भागात ते काम 1972 साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाकडे आहे. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये, आणि भरडाईनंतर गिरणीमालकाने क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा, असा हिशेब. केंद्र उघडायला विलंब झाला की ज्याला उसनवारी फेडायची आहे तो खेड्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यालाच, मिळेल त्या भावाने, धान मोजून देतो.

रानाची जिन्नस निराळी. चैत्रात पहाटे वेचलेली मोहफुले अंगणात वाळतात, आणि मे महिन्यात तेंदूच्या पानांची पुडकी फळीवर मांडली जातात. माघी पौर्णिमेला दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहांकडे अनेक प्रांतांतले गोंड भाविक लोटतात, तेव्हा तेथे बाजारही भरतो.

परंतु धानाचा पैसा खेळतो तो भाऊबीजेनंतरच्या मंडयांत. शेजारची गावे आपापली तिथी सहसा वेगवेगळी धरतात, कारण पाहुण्यांना दोन्हीकडे जायचे असते. दिवसा दुकाने व गोडशेव, रात्री दंडार किंवा नाटक, आणि या गर्दीतच मुलगी पाहून सोयरिकीची बोलणी सुरू होतात, जी पुढे रोवणीआधीच्या लग्नसराईत तडीस जातात.